रात्रीच्या आकाशातली दुपार

आज आकाशात चंद्र असेल तर एक प्रयोग करून बघा. घरातल्या कुणाचा तरी मोबाइल मागून घ्या, गच्चीवर किंवा खिडकीशी जा आणि चंद्राचा एक फोटो काढा. बहुतेक वेळा काय येईल ते मी आधीच सांगते: काळ्या आकाशात एक भगभगीत पांढरा ठिपका. त्यावर ससा नाही, हरीण नाही, साधा डागसुद्धा नाही. आणि मान वर करून बघितलं तर तेच डाग तुमच्या डोळ्यांना स्वच्छ दिसतायत!

मोबाइल बिघडलेला नाही, त्याची समजूत चुकलीय. त्याला वाटतंय, रात्र आहे, अंधार आहे, तेव्हा मिळेल तेवढा उजेड गोळा करू. तुमच्याकडे रात्र आहे हे खरंच. पण तुम्ही ज्याचा फोटो काढताय, तिथे लख्ख ऊन पडलंय!

चंद्राला स्वतःचा प्रकाश नसतो, हे तुम्ही शाळेत शिकलात. तेच वाक्य आता जरा उलगडून बघू. चंद्र चमकतो, म्हणजे त्याच्या जमिनीवर सूर्याचं ऊन पडतं आणि त्यातलं थोडं आपल्याकडे येतं. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे आणि चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर. सूर्याच्या हिशेबात आपण आणि चंद्र अगदी शेजारी शेजारी राहतो. मे महिन्यातल्या दुपारी भाईंदरच्या मिठागरांवर जे ऊन तळपतं, तसंच ऊन चंद्रावर पडतं. खरं तर थोडं जास्तच, कारण तिथे वाटेत हवा नाही, धूळ नाही आणि ढग तर नाहीतच. तेव्हा चंद्राचा फोटो काढायचा म्हणजे उन्हात तापलेल्या माती-दगडांचा फोटो काढायचा.

आणि ही माती पांढरी नाही बरं का! तिच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच ती परत फेकते. रस्त्यावरचं जुनं डांबर साधारण एवढंच गडद असतं. दुधासारखा, रुपेरी म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो चंद्र जवळून बघितला तर रस्त्याच्या रंगाचा निघेल. काळ्याभोर आकाशाच्या शेजारी उन्हात उभा आहे, म्हणून तो पांढरा वाटतो.

आता तुमच्या हातात खरा कॅमेरा आणि त्याला ३०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स आहे असं धरू. घरी नसेल तर ओळखीत कुणीतरी पक्षी टिपणारे काका किंवा लग्नाचे फोटो काढणारी ताई असतेच. त्यांनाच गच्चीवर बोलवा. हा भारी कॅमेरासुद्धा ‘ऑटो’वर ठेवला तर मोबाइलचीच चूक करतो. तो अख्ख्या चौकटीतल्या उजेडाचा अंदाज घेतो. चौकटीत जवळजवळ सगळं काळं आकाश आणि मधोमध इवलासा चंद्र. काळं आकाश उजळायच्या नादात तो चंद्राला पार धुऊन टाकतो.

म्हणून त्याला ‘मॅन्युअल’वर आणायचं आणि दिवसाचे आकडे द्यायचे. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८ आणि शटर १/१२५ सेकंद. पौर्णिमेच्या आसपास १/२५० करा, अर्धा चंद्र असेल तर १/६०. शटर दाबलं की बघा, काळे डाग, पांढरी विवरं, सगळं हजर! आजूबाजूचं आकाश ठार काळं येईल, एकही तारा दिसणार नाही. दुपारच्या आकड्यांवर तारे येत नसतात.

हे एका क्षणात होतं म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण १८४० साली न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर नावाच्या शास्त्रज्ञानं चंद्राचं छायाचित्र घेतलं, तेव्हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चंद्रप्रकाश तब्बल २० मिनिटं पाडावा लागला होता. चंद्राच्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांपैकी ते एक. वीस मिनिटं आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग यांचा भागाकार तुम्हीच करून बघा. उत्तर दीड लाख येतं.

ड्रेपरची आणखी एक अडचण तुम्हालाही येणार आहे. चंद्र थांबत नाही! पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाशात तो दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीएवढा पुढे सरकतो. कॅमेरा ट्रायपॉडवर नीट बसवून, चंद्र मधोमध आणून, पाणी प्यायला खाली जाऊन या. परत येईपर्यंत तो चौकटीच्या कडेला गेलेला असेल नाहीतर बाहेरच. ट्रायपॉड नसेल तर गच्चीच्या कठड्यावर घडी केलेली चादर ठेवा, तिच्यावर कॅमेरा टेकवा, पण पट्टा मानेत अडकवूनच आणि घरातलं मोठं माणूस शेजारी उभं असतानाच. शटर बोटानं दाबलं तरी लेन्स हलते, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. फोकस हातानं करा. स्क्रीनवर चंद्र मोठा करून बघायचा आणि त्याची कड धारदार होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवायची.

एवढं सगळं झाल्यावर फोटो बघून पहिला प्रश्न हाच येतो: चंद्र एवढा छोटा का आला? याचं उत्तर एका भागाकारात आहे, आणि मला तो फार आवडतो. चंद्राच्या अंतराला चंद्राच्या व्यासानं भागा. ३,८४,४०० भागिले ३,४७४. साधारण ११० येतात. आता लेन्सच्या फोकल लेंग्थला, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या नाभीय अंतराला, याच ११० नं भागलं की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चंद्र किती मिलिमीटरचा पडेल ते कळतं. लेन्स ३०० मिलिमीटरची असेल तर चंद्र २.७ मिलिमीटरचा. ६०० ची असेल तर साडेपाच मिलिमीटरचा. आणि मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स? ती जेमतेम सहा-सात मिलिमीटरची असते. भागा ११० नं. मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून किंचितच जास्त हाती लागतं. एवढ्याशा जागेत ससा कुठून मावणार? काही मोबाइल तर चंद्र ओळखतात आणि त्यावरचे डाग आपल्या साठवलेल्या माहितीवरून ठळक करून देतात. मला तसा फोटो नको वाटतो. आपल्या लेन्समधून आलेला अंधुक डाग चालेल, पण तो त्या रात्री तिकडून निघालेल्या उजेडाचा हवा. तिकडून इकडे यायला त्या उजेडाला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागलेला असतो.

आपल्या २.७ मिलिमीटरच्या चंद्रात किती बारीक दिसेल तेही काढू. सेन्सरवरचा एक पिक्सेल मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाएवढा धरला, तर चंद्राच्या आडव्या रुंदीत पावणेसातशेच्या आसपास पिक्सेल बसतात. म्हणजे एका पिक्सेलमध्ये चंद्रावरचे पाच किलोमीटर! मीरा रोड आणि भाईंदर स्टेशनांमध्ये तीन-साडेतीन किलोमीटर आहेत. ती दोन्ही स्टेशनं चंद्रावर नेऊन ठेवली तर तुमच्या फोटोत एकाच चौकोनी ठिपक्यात बुडून जातील. पण चंद्रावर मोठमोठी विवरंही आहेत. खालच्या बाजूला ‘टायको’ नावाचं विवर आहे, ८५ किलोमीटर रुंद. मध्याच्या थोडं डावीकडे वर ‘कोपर्निकस’, ९३ किलोमीटर. चर्चगेटहून विरार लोकल ६० किलोमीटर धावून विरारला पोचते. ती अख्खी लाइन कोपर्निकसच्या आत सरळ टाकली तरी दोन्हीकडे जागा उरेल. अशी विवरं तुमच्या फोटोत सतरा-अठरा पिक्सेलची येतात, त्यामुळे दिसतातच.

तुम्ही म्हणाल, उगवताना तर चंद्र केवढा मोठा असतो, तेव्हाच फोटो काढू की! आपल्याकडे भाईंदरला पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला, काशीमिऱ्याच्या पलीकडच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांमागून वर येतो. तांबूस, थोडा चपटा, आणि खरोखर अवाढव्य वाटतो. हात लांब करून करंगळी त्याच्यासमोर धरा. चंद्र तिच्यामागे अख्खा लपतो. मध्यरात्री तो डोक्यावर आल्यावर पुन्हा धरा. तेवढाच लपतो! मोठेपणा आपल्या मेंदूत असतो, आकाशात नाही. असं का होतं यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. कॅमेरा मात्र फसत नाही. दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवून पट्टीनं मोजा. तांबूसपणा आणि चपटेपणा मात्र खरा. क्षितिजाजवळच्या जाड हवेच्या थरातून येताना निळा प्रकाश विखुरतो, तांबडा पुढे येतो, आणि हवा किरणांना वाकवते म्हणून खालची कड वर उचलल्यासारखी दिसते.

आता कुठल्या रात्री फोटो काढायचा? सगळे जण पौर्णिमेला काढतात. कोजागिरीला तर दुधाचे पेले बाजूला ठेवून सगळी गच्ची मोबाइल वर करून उभी असते. पण मला विचाराल तर फोटोसाठी पौर्णिमेइतकी सपाट रात्र दुसरी नाही.

मुंबई परिसरात मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावली दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच नाहीशी होते. पौर्णिमेला आपण जो चंद्र बघतो, त्याच्या मधोमध अशीच भर दुपार असते, आणि सूर्य आपल्या पाठीमागे असल्यामुळे कडेच्या डोंगरांच्या सावल्याही त्यांच्याआडच लपतात. सावली नाही म्हटल्यावर खड्डा खोल आहे की सपाट, डोंगर उंच आहे की ठेंगणा, काही कळत नाही. पौर्णिमेला फक्त रंगांतला फरक दिसतो: लाव्हा थिजून झालेली काळी मैदानं, ज्यांना आपण समुद्र म्हणतो, आणि टायकोतून चहूकडे फाकलेले पांढरे पट्टे.

त्यापेक्षा शुद्ध अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ धरा. चंद्र अर्धा असतो. उजेड आणि अंधार यांच्यामधली जी रेष दिसते, तिथे त्या वेळी चंद्रावरची सकाळ चालू असते. सूर्य नुकता उगवतोय, ऊन तिरपं पडतंय, आणि प्रत्येक विवराची कड आपली लांबलचक सावली पसरून बसलीय. फोटोत सगळ्यात जास्त खळगे याच रेषेवर दिसतात. नीट बघा, रेषेच्या अंधाऱ्या बाजूला एखाद-दुसरा उजळ ठिपकाही सापडेल. तो पर्वताचा माथा! कळसूबाईच्या शिखरावर ऊन येतं तेव्हा पायथ्याच्या गावात अजून अंधारच असतो, तसंच तिथे चाललेलं असतं. १६०९ साली गॅलिलिओनं आपल्या दुर्बिणीतून हेच ठिपके बघितले आणि ते रेषेपासून किती लांब आहेत यावरून चंद्रावरच्या पर्वतांची उंची काढली.

ही सकाळ सरकतेसुद्धा. पृथ्वीवर विषुववृत्तापाशी ती ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं पळते. चंद्राचा एक दिवस आपल्या साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून तिथे तिचा वेग ताशी फक्त १५ किलोमीटर. तुम्ही तिथे सायकल चालवू शकलात तर सूर्योदयाच्या बरोबरीनं चालवाल! आणि आपला एक पिक्सेल पाच किलोमीटरचा, आठवतंय ना? संध्याकाळी सातला एक फोटो काढा आणि रात्री अकराला दुसरा. चार तासांत सकाळची रेष साठ किलोमीटर पुढे गेलेली असेल, म्हणजे फोटोत बारा पिक्सेल. रेषेजवळचं एकच विवर दोन्ही फोटोंत मोठं करून बघा. पहिल्यात अंधारात असलेली त्याची कड दुसऱ्यात उजळलेली सापडेल. तुमच्या गच्चीवरून दुसऱ्या जगातला सूर्योदय!

चांद्रयान-३ चं ‘विक्रम’ लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलं, तेव्हा आपल्या आकाशात शुद्ध सप्तमीचा चंद्र होता. ती तारीख याच सकाळसाठी निवडली होती. विक्रम आणि त्यातला रोव्हर प्रज्ञान यांना वीज मिळणार होती ती सौर पट्ट्यांतून. सूर्य उगवता उगवता उतरलं तर पुढचे सुमारे चौदा दिवस ऊन मिळतं. जागा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला आहे, म्हणजे तुमच्या फोटोत चंद्राच्या तळाशी. विक्रम दिसणार नाही, ते एका पिक्सेलच्या किती बारीक कणाएवढं असेल याचा हिशेब आता तुम्हाला येतो. पण तो भाग दिसतो.

कुठल्या तिथीला चंद्र कधी उगवेल? तो रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो. पौर्णिमेला सूर्य मावळताना उगवलेला चंद्र चार दिवसांनी, संकष्टीला, नऊ-साडेनऊपर्यंत आजीला उपाशी ठेवतो तो याचमुळे. दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती बघा. उत्तन, पाली, चौकच्या कोळीवाड्यांतल्या मुलांना दुसरा हिशेब घरातच मिळेल. कोकण किनाऱ्यावर तिथीला पाऊणनं गुणून पूर्ण भरतीची साधारण वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. चंद्राच्या पन्नास मिनिटांना किती जवळ! भरती चंद्रामागून येते, त्यामुळे तीही रोज तेवढीच मागे पडते.

शहरातल्या दिव्यांची काळजी करू नका. तारे आणि आकाशगंगा बघायला मुंबईची खगोल मंडळाची माणसं वांगणीच्या अंधारात जातात, पण चंद्राला भाईंदरचे दिवे हरवू शकत नाहीत. खरा त्रास देते ती हवा. दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडत राहते, समुद्रावरून दमट वारा येतो, आणि लेन्ससमोरची हवा थरथरते. मोठ्या केलेल्या स्क्रीनवर चंद्राची कड पाण्याखाली असल्यासारखी हलताना दिसेल. गच्ची थंड होऊ द्या, चंद्र वर चढू द्या. हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या आसपास तो आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा हवेचा सगळ्यात पातळ थर मध्ये असतो.

या थरथरीवर पुण्याच्या एका मुलानं जबरदस्त मात केली. मे २०२१ मध्ये सोळा वर्षांच्या प्रथमेश जाजूनं कृष्ण पक्षातल्या अर्ध्या चंद्राचा एक फोटो तयार केला, त्यासाठी पन्नास हजारांहून जास्त प्रतिमा वापरल्या. माहिती भरली १८६ जीबी! त्यानं दुर्बिणीला कॅमेरा जोडला होता. चंद्राच्या छोट्या छोट्या भागांच्या असंख्य चौकटी टिपायच्या, त्यांतल्या कमी थरथरलेल्या निवडायच्या, संगणकावर एकमेकींवर बरोबर रचायच्या. हवा प्रत्येक चौकटीला वेगवेगळ्या दिशेनं हलवते, चंद्र मात्र सगळ्यांत तोच असतो. त्यामुळे रचत गेलं की थरथर पुसली जाते आणि चंद्र उरतो. मग त्यानं रंग गडद केले. डांबरी वाटणाऱ्या त्या जमिनीत निळसर आणि तांबूस छटा निघाल्या. निळसर मैदानांत टायटॅनियम जास्त आहे. हे रंग चंद्रावर असतातच, आपल्या डोळ्यांना दिसण्याइतके गडद नसतात एवढंच. तुम्हीही एकापाठोपाठ वीस-तीस फोटो काढा. ते रचायचे प्रोग्रॅम फुकट मिळतात.

आणि एक रात्र आत्ताच लिहून ठेवा: ३१ डिसेंबर २०२८. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे आणि ते भारतातून दिसणार आहे. साडेआठनंतर पृथ्वीची सावली चंद्राला लागायला सुरुवात होईल आणि दहा वाजता तो पूर्ण सावलीत असेल. चंद्रावर भर दुपार असताना मध्ये पृथ्वी येऊन सूर्य झाकणार! तिथे उभं राहिलं तर काळ्या पृथ्वीभोवती तांबडं कडं दिसेल. पृथ्वीच्या कडेला जिथे जिथे त्या वेळी सूर्य उगवत किंवा मावळत असेल, तिथल्या हवेतून वाकून आलेला तो प्रकाश, आणि त्याच्याच उजेडात चंद्र आपल्याला तांबूस दिसतो. तेव्हा दिवसाचे आकडे कामाचे नाहीत. चंद्र हजारो पटींनी मंद झालेला असेल. आयएसओ ३२०० करा, लेन्सचं अ‍ॅपर्चर जेवढं उघडतं तेवढं उघडा, आणि शटर अर्ध्या सेकंदापासून सुरू करून बघा. त्याहून फार वाढवलं तर चंद्र सरकल्यामुळे फोटो पुसट येईल, कमी केलं तर काळा. हिवाळ्यातला चंद्र, तेव्हा दहापर्यंत बराच वर चढलेला असेल. ट्रायपॉडची मान एवढी वर वळते का, हे आधी एखाद्या साध्या रात्री तपासून ठेवा.